खेड्यांतील एच्. आय्. व्ही. बाधित भगिनी व त्यांचे हक्क

कोणताहि दुर्धर रोग गांवांत शिरला म्हणजे त्याच्या पाठोपाठ रोग्याविषयींची भीतीहि शिरते. रोगावर औषध कधीं ना कधीं निघतें. भीतीवर निघण्यास मात्र पिढ्या लागतात. कुष्ठरोगाच्या बाबतींत आपण हें पाहिलेंच आहे. निर्धन कुष्ठरोग्यांना अलग ठेवण्याकरितां १८९८ सालीं झालेला कायदा, त्या रोगावर गुणकारी औषधें निघून कित्येक दशकें लोटल्यावर, २०१६ सालीं रद्द झाला. आज दुसऱ्या एका रोगाच्या संबंधांत तोच प्रकार आपल्या खेड्यापाड्यांतून चालूं आहे, आणि त्याचा भार विशेषेंकरून स्त्रियांवर पडत आहे. एच्. आय्. व्ही. या विषाणूची बाधा झालेल्या ग्रामीण स्त्रीचे हक्क कोणते, ते तिच्या पदरांत कां पडत नाहींत, आणि ते पडावे म्हणून आपणांस काय करतां येईल, याचा विचार आम्हीं या लेखांत योजिला आहे.

शाळेच्या वार्षिक अंकांत हा विषय शोभतो काय, अशी शंका कांहीं पालकांच्या मनांत येईल. ती शंका आम्हांस गैर वाटत नाहीं. परंतु तिचें उत्तर सोपें आहे. अशा मातेचें मूल कोणत्या तरी शाळेंत, कोणत्या तरी बांकावर बसतेंच. त्याच्या शेजारीं आपलें मूल बसूं द्यावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न शेवटीं पालकांपुढें व शिक्षकांपुढेंच येऊन उभा राहतो. २००९ सालीं लातूर जिल्ह्यांतील हासेगांव येथें अशा कांहीं बालकांना गांवच्या शाळेंत बसविण्यास पालकांनीं हरकत घेतली, तेव्हां साऱ्या महाराष्ट्रास तो दिसला. ज्या प्रश्नाचा निकाल शाळेच्या दारांत लागतो, त्याची चर्चा शाळेच्या अंकांत होऊं नये, हें आम्हांस सयुक्तिक वाटत नाहीं.

प्रथम रोगाविषयीं चार खऱ्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण अन्यायाचें मूळ पुष्कळदां अज्ञानांतच असतें. हा विषाणु शरीरसंबंधांतून, बाधित रक्तांतून, दूषित सुईंतून, आणि बाधित मातेकडून गर्भांतील अथवा अंगावर पिणाऱ्या बालकास जातो. एका ताटांत जेवल्यानें, एका हापशावर पाणी भरल्यानें, एका बांकावर बसल्यानें, खोकल्याशिंकल्यानें किंवा डांस चावल्यानें तो जात नाहीं. १९८१ सालीं अमेरिकेंत या रोगाची प्रथम नोंद झाली व १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्याचा विषाणु सांपडला. भारतांत त्याचा पहिला पुरावा १९८६ सालीं मद्रास येथें मिळाला. तो शोधून काढणाऱ्या दोघीहि स्त्रियाच होत्या: डॉ. सुनीति सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला सेल्लप्पन. डॉ. सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मद्रासेंत स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबांतील कन्या, हें आमच्या विद्यार्थिनींनीं अवश्य ध्यानांत ठेवावें.

त्या काळीं या रोगावर इलाज नव्हता, हें खरें. पुढें तीन औषधें एकत्र देण्याची पद्धति निघाली. परंतु तिचा खर्च गरिबांच्या आवांक्याबाहेरचा होता. २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीनें तीं औषधें दिवसाला एका डॉलरहून कमी दरांत देऊं केलीं, आणि १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनें तीं मोफत देण्यास आरंभ केला. २०१७ पासून तर बाधा आढळलेल्या प्रत्येकास, प्रकृति ढांसळण्याची वाट न पाहतां, औषध सुरूं करण्याचें धोरण आहे. आतां बहुतेकांस दिवसाकांठीं एकच गोळी पुरते. ती नेमानें घेतली तर रक्तांतील विषाणु इतके घटतात कीं तपासणींत ते सांपडत नाहींत. आणि अशी स्थिति टिकून राहिली म्हणजे शरीरसंबंधांतूनहि बाधा दुसऱ्यास होत नाहीं. उपचार न केल्यास बाधित मातांच्या शंभर बालकांपैकीं १५ ते ४५ बालकांस बाधा होऊं शकते. योग्य उपचार केल्यास हें प्रमाण पांचाच्याहि खालीं येतें. सारांश, औषध घेणारी स्त्री आपल्या आयुष्याचीं पुरीं वर्षें जगूं शकते, शेतांत राबूं शकते, निरोगी मुलाची आई होऊं शकते.

असें असतांना खेड्यांतील बाधित स्त्री दुःखी कां? आमच्या मतें याचें एक मोठें कारण तपासणीच्या क्रमांत आहे. गांवांतील तरुण पोटासाठीं मुंबईस अथवा सुरतेस जातो, मालमोटारीवर चालक होतो, ऊंसतोडीस जातो. बाधा पुष्कळदां त्यास तिकडे होते व त्याच्याकडून पत्नीस होते. पण तो कधीं तपासून घेत नाहीं. पत्नी गरोदर राहिली म्हणजे सरकारी दवाखान्यांत तिचें रक्त तपासतात, आणि घरांत पहिलें नांव तिचें निघतें. मागून आलेली बाधा आधीं उघडकीस येते, एवढ्यावरून 'हिनेंच रोग घरांत आणला' असा निवाडा सासरीं होऊन जातो. पतीस तपासणीस चला म्हणण्याचें धैर्य तिला होत नाहीं; आणि तो गेला तर 'हिनेंच त्याला खाल्लें' हें बोलणेंहि तिच्याच वांट्यास येतें.

ही थोड्याथोडक्यांची गोष्ट नाहीं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणें भारतांत सुमारें २४ लक्ष लोकांस ही बाधा होती व त्यांत शेंकडा सुमारें ४५ स्त्रिया होत्या. महाराष्ट्रांतील संख्या चार लक्षांच्या जवळपास, म्हणजे सर्व राज्यांत अधिक होती. त्यांतील कित्येक भगिनी आपल्या तालुक्यांत, आपल्याच बाजाराला येणाऱ्या असतील. आपणांस त्या ठाऊक नाहींत, याचा अर्थ त्या नाहींत असा नव्हे. त्यांनीं आपली व्यथा झांकून ठेविली आहे, इतकाच त्याचा अर्थ.

आतां हक्कांकडे वळूं. एच्. आय्. व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा आपल्या संसदेनें २०१७ सालीं मंजूर केला व तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. हा कायदा केवळ बाधित व्यक्तीचेंच रक्षण करितो असें नाहीं. तिच्यासह एका घरांत राहणाऱ्या किंवा पूर्वीं राहिलेल्या माणसांचेंहि करितो. नोकरी, दवाखाना, शाळा, भाड्याचें घर, सार्वजनिक पाणवठा यांपैकीं कोणत्याहि ठिकाणीं त्यांस अन्याय्य रीतीनें वेगळें वागविणें या कायद्यानें निषिद्ध आहे. बाधितांस अलग कोंडणेंहि निषिद्ध आहे. याचें महत्त्व कळण्यास गोव्यांतील एक गोष्ट आठवावी. १९८९ सालीं डॉमिनिक डिसूझा या तरुणानें रक्तदान केलें असतां त्यास बाधा असल्याचें आढळलें. तेवढ्यावरून पोलिसांनीं त्यास नेऊन दोन महिन्यांहून अधिक काळ एकटें कोंडून ठेविलें. त्याच्या मातोश्री लूसी डिसूझा यांनीं मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली. परंतु ज्या कायद्याच्या आधारें हें घडलें तो न्यायालयानें उचलूनच धरला. एका आईस जें तेव्हां मिळालें नाहीं, तें २०१७ च्या कायद्यानें पुढच्या आयांस दिलें.

ग्रामीण स्त्रीच्या दृष्टीनें या कायद्यांतील तीन गोष्टी आम्हांस विशेष मोलाच्या वाटतात. पहिली, राहत्या घरांतील वास्तव्याचा हक्क. एकत्र कुटुंबाच्या घरांत राहण्याचा तिला अधिकार आहे, आणि घराच्या अमुक भागांत तुला येतां येणार नाहीं असें कोणी म्हणूं शकत नाहीं. वेगळें ताट, वेगळा तांब्या, गोठ्याशेजारची पडवी, ही जी शिक्षा सून म्हणून तिला भोगावी लागते, तिला कायद्याचा आधार नाहीं व वैद्यकाचाहि नाहीं. दुसरी, गुप्ततेचा हक्क. तिच्या संमतीवांचून तिची तपासणी करतां येत नाहीं, आणि तपासणीचा निकाल गांवभर सांगण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. पतीस कळविण्याचा प्रसंग आला तरी, तसें केल्यानें तिला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी सार्थ भीति असल्यास डॉक्टरानें कळवूं नये, असें कायदा स्पष्ट सांगतो. न्यायालयांत जावें लागलें तर आपलें खरें नांव झांकून दाद मागण्याची सोयहि आहे. १९९७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें एका बाधित कामगारास अशीच मुभा दिली होती. तिसरी गोष्ट मुलांविषयींची. आईबापांवांचून राहिलेल्या भावंडांत बारा ते अठरा वर्षांचें समंजस मूल असेल, तर शाळाप्रवेश, औषधोपचार इत्यादि कामीं त्यास धाकट्या भावंडांचा पालक होतां येतें. बारा वर्षांचें मूल म्हणजे आमच्या सहावी-सातवीच्या वर्गांतील मूल. ज्या वयांत आमचे विद्यार्थी खेळांतील हारजितीनें रुसतात, त्या वयांत कांहीं मुलांवर घर चालविण्याची पाळी येते, हें त्यांस कळलें तर बरें.

मालमत्तेचा हक्क याहून जुना आहे, आणि तोच बहुधा बुडविला जातो. हिंदु पुरुष मृत्युपत्रावांचून वारला तर १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें त्याच्या मिळकतींत विधवेस मुलांच्या व सासूच्या बरोबरीचा वांटा आहे, व तो वांटा तिच्या पूर्ण मालकीचा आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यान्वयें ख्रिस्ती विधवेस, मुलेंबाळें असल्यास, एकतृतीयांश हिस्सा मिळतो. मुसलमान विधवेस मुलें असल्यास एकअष्टमांश व नसल्यास एकचतुर्थांश मिळतो. यांपैकीं एकाहि कायद्यांत 'विधवा निरोगी असावी' अशी अट नाहीं. तथापि घडतें काय? पतीच्या आजारपणांत दागिने मोडतात, बैल विकतात. तो गेल्यावर दहाव्या-बाराव्याच्या आंतच 'तूं माहेरीं जा, येथें तुझें काय आहे?' असें तिला ऐकविलें जातें. ती जाते. मागें दीर वारसनोंद करून घेतात व सातबाऱ्यावर तिचें नांव चढत नाहीं. म्हणून आमचें प्रत्येक पालकास सांगणें आहे कीं, अशी वेळ नात्यांतील कोणा स्त्रीवर आली तर ज्यास लोक अद्यापि तलाठीच म्हणतात त्या ग्राम-महसूल अधिकाऱ्याकडे तिचा वारसाचा अर्ज वेळींच द्यावा. मायेच्या दहा शब्दांहून त्या एका अर्जाचें मोल अधिक आहे.

येथें एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कांहीं सभ्य गृहस्थ म्हणतात, 'निष्पाप पत्नीविषयीं आम्हांस कळवळा आहे; पण ज्यांनीं आपल्या वर्तनानें रोग ओढवून घेतला, त्यांचे कसले हक्क?' हा भेद वरवर न्यायाचा दिसतो, पण तो परिणामीं निष्पाप स्त्रीसहि घातक होतो. कारण एकदां हक्क निष्पापतेवर ठेविला कीं प्रत्येक बाधित स्त्रीस आपली निष्पापता गांवापुढें सिद्ध करावी लागते, आणि आपण वर पाहिलेंच कीं गांव निवाडा पुराव्यावर करीत नसून ज्याचें नांव आधीं निघालें त्यावर करितें. कायदा रोग कसा आला हें विचारीतच नाहीं, यांतच त्याचें शहाणपण आहे. दवाखान्याच्या दारांत कोणी पापपुण्याचा झाडा घेऊं लागला, तर आपणांपैकीं किती जण आंत जाऊं शकतील?

दुसरा आक्षेप असा कीं, गांवास आपलें रक्षण करण्याचा अधिकार आहे, तेव्हां बाधितांचीं नांवें गांवास कळलींच पाहिजेत. आम्हांस वाटतें, रक्षण याच्या अगदीं उलट मार्गानें होतें. नांव फुटण्याची भीति असेल तर स्त्री तपासणीस येणार नाहीं. तपासणी नाहीं तर औषध नाहीं. आणि औषध नाहीं तेथेंच विषाणु फैलावतो. आपली बाधा ठाऊक असणारानें ती दुसऱ्यास होऊं नये म्हणून योग्य ती काळजी घ्यावी, असें कर्तव्यहि याच कायद्यानें घातलें आहे. हक्क आणि कर्तव्य हीं येथें परस्परांस आधार देतात. एकास पाडून दुसरें उभें करतां येणार नाहीं.

कायद्याची स्तुति करतांना त्याच्या उणिवाहि सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. तक्रार ऐकण्यास अधिकारी नेमण्याचें बंधन शंभर किंवा अधिक माणसांच्या संस्थांवर, आणि दवाखाना असल्यास वीस माणसांच्या संस्थेवर आहे. खेड्यांतील स्त्रीचा छळ होतो तो घरांत, पाणवठ्यावर, रोजंदारीच्या बांधावर. तेथें असा अधिकारी कोठून असणार? राज्यानें नेमावयाचा लोकपाल तिच्या गांवापासून फार दूर. औषध मोफत असलें तरी जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणीं जाऊन तें आणण्यांत एक दिवसाची मजुरी बुडते, एस्. टी. चें भाडें पडतें, आणि रांगेंत गांवचें कोणी भेटलें तर काय, ही धास्ती निराळीच. कागदावरचा हक्क आणि उंबऱ्यावरचा हक्क यांमध्यें हें एवढें अंतर आहे.

तें अंतर कमी करण्याचीं साधनें मात्र नाहींत असें नाहीं. १९८७ च्या विधिसेवा कायद्यान्वयें प्रत्येक स्त्रीस, तिचें उत्पन्न कितीहि असो, मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे. त्यासाठीं तालुका विधिसेवा समितीकडे अर्ज करावा लागतो. घरांतून हांकलून देत असल्यास २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार-विरोधी कायद्यान्वयें न्यायदंडाधिकारी वास्तव्याचा हुकूम देऊं शकतात. निराधार स्त्रीस व एड्सग्रस्तांस महाराष्ट्र सरकारच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेंतून, उत्पन्नाच्या मर्यादेंत, मासिक साह्य मिळतें. तो अर्ज तहसिलींत जातो. २०११ पासून आपल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखलेल्या आहेत. या निम्म्या सभासद भगिनींनीं मनावर घेतलें, तर कोणाचेंहि नांव न उच्चारतां, गांवांतील प्रत्येक विधवेची वारसनोंद झाली कीं नाहीं एवढें एक काम त्या दर वर्षीं पाहूं शकतील. सर्वच विधवांची चौकशी झाली म्हणजे बाधित विधवा त्यांत आपोआप सुरक्षित राहील, आणि तिची व्यथाहि उघडी पडणार नाहीं.

विधवेस घराबाहेर काढण्याची रीत आपल्याकडे नवी नाहीं. अशाच भगिनींसाठीं पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत शारदासदन उघडलें. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या भीतीनें लोक घरदार सोडून जात असतां सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत राहिल्या, व त्याच रोगानें त्यांस मृत्यु आला. प्लेग तर स्पर्शाच्या अंतरावरून प्राण घेणारा रोग होता. सावित्रीबाईंनीं जिवाचा धोका पत्करला. आज आपणांकडून तेवढें कोणी मागत नाहीं. एच्. आय्. व्ही. बाधित शेजारणीच्या हातचा चहा घेण्यांत जिवास कांहींहि धोका नाहीं. तेवढेंहि आपल्या हातून होऊं नये काय?

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडून आमची अपेक्षा मोठी नाहीं. वर्गांत ज्या मुलाची आई आजारी असते, त्याच्या घरची चौकशी कुजबुजत करूं नका. कोणाचें कांहीं कळलें असेल तर तें तुमच्यापाशींच राहूं द्या. तोंड बंद ठेवणें हीहि सेवाच आहे. जें पुस्तकांत शिकलांत तें घरीं आजीला, आईला, काकूंना त्यांच्या भाषेंत समजावून सांगा: ताटानें हा रोग होत नाहीं, गोळीनें तो आटोक्यांत राहतो, आणि सुनेला घरांत राहण्याचा अधिकार आहे. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलांनीं हें घरीं आणलें असतां त्यांना दटावूं नये. ज्या घरांत हा विषय मोकळेपणीं बोलला जाईल, त्या घरांतील लेक उद्यां सासरीं जातांना आपला हक्क कोठें व कसा मागावा हें जाणून जाईल, आणि त्या घरांत येणाऱ्या सुनेला तो मागावाच लागणार नाहीं.